तीन सेट, तीन टायब्रेक

तासगाव परिसरात ‘टेनिस’ म्हटले की बहुधा टेनिस चेंडूवरील क्रिकेटच डोळ्यांसमोर येते. त्यामुळे २०१९ साली पुण्याच्या बालेवाडीत केविन अँडरसनने इवो कार्लोविचला ७-६, ६-७, ७-६ असे नमविले, तेव्हा हे आकडे अनेकांना कोड्यात टाकणारे ठरले असावेत.

प्रतिस्पर्ध्याच्या सर्व्हिसवरील गेम जिंकणे म्हणजे ‘ब्रेक’. दोन मीटरहून उंच असलेल्या या दोघांच्या बिनतोड सर्व्हिसपुढे, म्हणजे ‘एस’पुढे, तो दुर्मीळच. सहा-सहा गेमची बरोबरी झाली की ‘टायब्रेक’ खेळवतात. दोन गुणांच्या आघाडीसह किमान सात गुण मिळविणारा सेट जिंकतो. (शून्याला ‘लव्ह’ का म्हणतात, यावर मात्र अभ्यासकांचे एकमत नाही.) निर्णायक टायब्रेक अँडरसनने ७-५ असा घेतला, कार्लोविच तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर होता.