आकड्यांआड – भाग ६ : पोलीस ठाण्यापलीकडची मोजणी

गेल्या आठवड्यात आपण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) आकड्यापाशी थांबलो होतो : २०२२ मध्ये देशभरात बलात्काराचे ३१,५१६ गुन्हे. या आकड्यावरून बलात्कार वाढले की घटले, याची चर्चा दरवर्षी रंगते. खरं तर तो एवढंच सांगतो, की ठाण्याची पायरी चढलेल्यांपैकी किती जणींची फिर्याद लिहून घेतली गेली. ठाणेदार बरा असेल तर आकडा वाढतो, तो दटावणारा असेल तर कमी दिसतो. (आणि मग सभागृहात तोच कमी आकडा कौतुकानं वाचून दाखवला जातो.)

जी ठाण्यात गेलीच नाही, तिच्यापर्यंत पोचायचं तर दारोदार जावं लागतं. हे काम आपल्याकडे होतं आणि त्याची सूत्रं मुंबईतून हलतात. देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था केंद्रीय आरोग्य मंत्रालयासाठी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण करते. २००५-०६ च्या तिसऱ्या फेरीपासून त्यात लैंगिक हिंसेबद्दल विचारलं जातं. कसं विचारतात, ते बघण्यासारखं आहे. घरात बायका कितीही असोत, हे प्रश्न एकीलाच, आणि तेही ती एकटी असेल तरच. मध्येच सासू येऊन बसली, की विषय बदलायचा. एकांत मिळालाच नाही तर तो भाग कोरा सोडायचा. ‘बलात्कार झाला का’ असं विचारत नाहीत. तुमची इच्छा नसताना नवऱ्यानं शरीरसंबंधासाठी बळजबरी केली का, असं सरळ कृतीबद्दल विचारतात.

२०१९-२१ च्या फेरीत १८ ते ४९ वयाच्या ६ टक्के स्त्रियांनी कधी ना कधी लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. लग्न झालेल्यांच्या उत्तरांत अत्याचारी म्हणून सर्वांत जास्त वेळा आला तो नवराच. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी ७७ टक्के जणींनी मदत मागितली नव्हती आणि कुणापाशी बोलल्याही नव्हत्या. सज्ञान बायकोवर नवऱ्यानं केलेली बळजबरी आपला कायदा बलात्कार मानत नाही. म्हणजे हा भाग पोलिसांच्या आकड्यात कधी येणारच नाही. सरकारनं घरोघरी माणसं पाठवली नसती, तर तो कागदावर आलाच नसता.

तरीही या सर्वेक्षणाला मर्यादा आहेत. पन्नाशीनंतरच्या बाया त्यात नाहीत. पुरुषांवरच्या अत्याचाराबद्दल विचारलं जात नाही. मुलांसाठी केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयानं वेगळा अभ्यास केला होता. तो २००७ मध्ये आला. १३ राज्यांतली १२,४४७ मुलं. निम्म्याहून जास्त मुलांनी कुठला ना कुठला लैंगिक छळ सांगितला, आणि त्यांत मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानं मुलगा-मुलगी असा भेद ठेवला नाही, त्यामागे ही माहिती हाताशी होती.

जिथं सरकार स्वतःहून शोध घेत नाही, तिथं एकट्यादुकट्याला लढावं लागतं. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातले न्यायवैद्यकतज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी २०१० मध्ये बलात्कारानंतरच्या तपासणीतल्या त्रुटींवर अहवाल लिहिला. त्यावरून मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका झाली. तेव्हाच्या तपासणी अर्जांत बाईची अंगकाठी नोंदवत. धडधाकट असेल तर तिनं प्रतिकार करायला हवा होता, हा त्यामागचा हिशेब. जोडीला दोन बोटांची चाचणी : योनीत बोटं घालून बाई ‘सरावलेली’ आहे का, ते बघायचं. केंद्राच्या आरोग्य खात्यानं मार्गदर्शक सूचना काढून ती बाद केली, ते २०१४ मध्ये.

बहुतेक पीडितांच्या अंगावर दिसण्याजोगी जखम नसते, हे आता डॉक्टरांना शिकवलं जातं. कोर्टात मात्र ‘जखम आढळली नाही’ ही ओळ अजून आरोपीच्या बाजूनं वापरली जाते. तिला उत्तर द्यायला आपल्याच रुग्णालयांतल्या हजारो तपासण्यांचा अभ्यास हवा. ते कागद जिल्हा रुग्णालयांच्या कपाटांत आहेत. नावं वगळून ते अभ्यासकांना खुले करायचे, तर परवानगी आणि खर्च दोन्ही सरकारचेच. देणगीवर चालणाऱ्या संस्थेच्या हाती त्या कपाटाची किल्ली नाही. स्त्रियांच्या सुरक्षेसाठीच्या केंद्राच्या निर्भया निधीतून सीसीटीव्ही बसले, पीडितांना मदत करणारी ‘सखी’ केंद्रं उभी राहिली. त्याच निधीतून या कपाटांसाठीही पैसे ठेवता येतील.

पुढच्या आठवड्यात : ‘सखी’ केंद्रातली नोंदवही.