भिंग लांब, नोंद आखूड

इंग्लंडमधल्या ट्रिंग या छोट्या गावात लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमचा पक्षीसंग्रह ठेवलेला आहे. त्या संग्रहात आपल्याकडच्या रानपिंगळ्याचे एक भराव घातलेले कातडे आहे. त्याच्या चिठ्ठीनुसार हा पक्षी १९१४ साली तापीकाठच्या मांडवी येथे मिळाला आणि तो मिळवणारा कर्नल रिचर्ड माइनर्त्झहागेन. पक्षी अस्सल आहे, चिठ्ठी मात्र बनावट. हे कातडे त्याच संग्रहालयातून चोरलेले होते, पुन्हा शिवलेले होते आणि दुसऱ्याच माणसाच्या श्रमांवर नवे नाव, नवे गाव व नवी तारीख चढवून परत आलेले होते. हे प्रकरण वाचल्यापासून मला सुपर टेलिफोटो लेन्सवरच्या बहुतेक चर्चा अपुऱ्या वाटू लागल्या आहेत. कोणती लेन्स घ्यावी, ४०० मिमी पुरते की ६००च हवी, एफ/४ की एफ/६.३, यावर आपले हौशी छायाचित्रकार तासन्‌तास बोलतात. त्या लेन्समधून उतरलेल्या पक्ष्याची चिठ्ठी कोण लिहिणार, यावर कोणी बोलत नाही. माझे म्हणणे एवढेच की पक्षी-छायाचित्राची किंमत भिंगाच्या लांबीवर ठरते त्याहून अधिक ती सोबतच्या नोंदीवर ठरते. आणि लांब भिंगे हातोहाती आल्यापासून ही नोंदच आपण टाकून देत आहोत.

रानपिंगळ्याची जंत्री तशी छोटीच. १८७२ मध्ये एफ. आर. ब्लेविट यांना आजच्या छत्तीसगडमधल्या बुसना-फुलझरच्या परिसरात एक पिंगळा मिळाला. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७३ मध्ये आपल्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात त्याचे वर्णन करून ब्लेविट यांचे नाव त्याला दिले. हे ह्यूम म्हणजे १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढे असलेले तेच. त्यांनी अनेक वर्षे साठवलेली पक्ष्यांवरची हस्तलिखिते नोकराने रद्दीत विकली, हा आपल्याकडच्या पक्षीशास्त्राला बसलेला मोठा फटका. १८७७ मध्ये भूवैज्ञानिक व्हॅलेंटाइन बॉल यांना खरियारजवळ आणखी एक रानपिंगळा मिळाला. त्यानंतर आले जेम्स डेव्हिडसन. मुलकी सेवेतला हा अधिकारी खानदेशात नेमणुकीवर होता आणि कचेरीबाहेरचा वेळ पक्ष्यांना देत होता. दख्खनच्या पक्ष्यांवर त्याने वेंडन यांच्यासोबत १८७८ मध्ये लिहिलेला दीर्घ लेख आजही संदर्भासाठी काढावा लागतो. १८८० ते १८८४ या काळात पश्चिम खानदेशात, सातपुड्याच्या पायथ्याला, त्याने काही रानपिंगळे मिळवले. मिळवले म्हणजे अर्थातच बंदुकीने. मात्र प्रत्येक कातड्याला त्याने तारीख आणि ठिकाण बांधले. डेव्हिडसनचे नाव आज फारसे कोणाला ठाऊक नाही. पुढे शंभराहून अधिक वर्षे न दिसलेला रानपिंगळा पुन्हा सापडला तो मात्र त्याच्या शिस्तीमुळे.

माइनर्त्झहागेनची ख्याती याच्या अगदी उलट. सैनिक, हेर, रोजनिशीकार, पक्षीतज्ज्ञ अशा त्याच्या अनेक ओळखी होत्या आणि त्या सगळ्या त्याने स्वतःच रंगवलेल्या होत्या. १९३७ मध्ये सालिम अली त्याच्यासोबत अफगाणिस्तानात पक्षी-पाहणीला गेले होते. त्या काळात या गृहस्थाने रोजनिशीत अलींविषयी जे तुच्छतेने लिहिले, ते अलींनी पुढे आपल्या आत्मचरित्रात मिश्किलपणे छापून टाकले. याच संग्रहालयाच्या, तेव्हाच्या ब्रिटिश म्युझियमच्या, पक्षीविभागात त्याला नमुने परवानगीशिवाय नेल्याबद्दल काही काळ बंदी झाली होती. तरीही १९५४ मध्ये त्याने दिलेला सुमारे वीस हजार कातड्यांचा संग्रह संग्रहालयाने मानाने स्वीकारला. १९९३ मध्ये ॲलन नॉक्स यांनी रेडपोल नावाच्या चिमण्यांसारख्या पक्ष्यांचे नमुने तपासून त्याची लबाडी उघड केली. मग पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षीतज्ज्ञांनी रानपिंगळ्याच्या कातड्याचे एक्स-रे काढले, आतला भराव आणि शिवण पाहिली. प्रत्येक संग्राहकाची कातडे तयार करण्याची पद्धत हस्ताक्षरासारखी वेगळी असते. मांडवीच्या पक्ष्यात नव्या भरावाखाली डेव्हिडसनची पद्धत दिसली. १९१४ चा पक्षी प्रत्यक्षात खानदेशचा, तीस वर्षे आधीचा आणि डेव्हिडसनचा होता. हा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘आयबिस’ या शोधपत्रिकेत प्रसिद्ध झाला.

या खोटेपणाचा हिशेब केवळ प्रतिष्ठेचा नव्हता. मांडवीची चिठ्ठी खरी मानून सिडनी डिलन रिप्ली यांनी सत्तरच्या दशकात शोध घेतला, सालिम अलींनीही घेतला. हाती काही लागले नाही. मधल्या काळात एक छायाचित्र रानपिंगळ्याचे म्हणून पुढे आले आणि नंतर तो आपला नेहमीचा, गावठाणातल्या कडुनिंबावर बसणारा ठिपकेदार पिंगळा निघाला. छायाचित्र होते, म्हणजे पुरावा होता. पण पोट पांढरे कोरे आहे की नाही, छातीवरचा गडद पट्टा सलग आहे की नाही, डोक्यावर ठिपके किती, पंख-शेपटीवरचे पट्टे किती ठळक, हे ज्या बारकाईने दिसायला हवे तेवढे दिसले नाही की बघणारा आपल्या इच्छेनुसार पक्षी ठरवतो. १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबॉट भारतात आले तेव्हा मांडवी त्यांनी यादीतून वगळली होती. त्यांनी भरवसा ठेवला तो खऱ्या चिठ्ठ्यांवर. आधी पूर्वेकडची ठिकाणे पालथी घालून झाली आणि मग तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या, आज नंदुरबारमध्ये असलेल्या शहाद्याजवळ, सकाळच्या उजेडात एका निष्पर्ण झाडावर तो बसलेला दिसला. १८८४ नंतर ११३ वर्षांनी. त्यांनी त्याची छायाचित्रे आणि चित्रफीत घेतली. गोळी कोणी झाडली नाही. पुढे मेळघाट, यावल, तोरणमाळ इथून नोंदी आल्या, २०१४ मध्ये मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातूनही आली, आणि २०१८ मध्ये हा पक्षी ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गातून एक पायरी खाली, ‘संकटग्रस्त’ वर्गात आला.

कॅमेऱ्याने बंदुकीची जागा घेतली हे वाक्य आपण फार सहजपणे म्हणतो. ती अर्धीच घेतली. डेव्हिडसनच्या कामाचे दोन भाग होते, पक्षी हस्तगत करणे आणि चिठ्ठी बांधणे. लांब भिंगाने पहिला भाग अहिंसक केला, त्याबद्दल त्याचे उपकार मानावेत तेवढे थोडे. पण पहिल्या भागातही भिंगाची मर्यादा लोक विसरतात. रानपिंगळा सुमारे २३ सेंटिमीटर लांब. तो तीस मीटरवर असताना ६०० मिमीच्या भिंगाने पूर्ण चौकटीच्या सेन्सरवर त्याची प्रतिमा जेमतेम साडेचार मिलिमीटर भरते. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात सुमारे साडेसातशे पिक्सेल. शंभर मीटरवर हेच सव्वादोनशेच्या आसपास येते, आणि त्यातही वऱ्हाडातल्या दुपारी तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवेची थरथर निम्मे तपशील पुसून टाकते. १.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर लावला तर एक स्टॉप उजेड जातो, दुपटीचा लावला तर दोन. थरथर मात्र जशीच्या तशी मोठी होऊन येते. दहा मीटरवर ६०० मिमी एफ/४ ला ठेवले तर सहा-सात सेंटिमीटरच्या पट्ट्यातच सारे स्पष्ट राहते, म्हणजे डोळा नेमका आणि शेपटी धूसर. दहा लाखांच्या पुढची, तीन किलोंची ही वस्तू अंतर कमी करत नाही, ती फक्त दूरच्या गोष्टीचा लहानसा तुकडा मोठा करते. शिवाय ती खोली चपटी करते. मैलभर मागची टेकडी पाठीशी येऊन उभी राहते, वाघ आणि जिप्सी एकमेकांना खेटल्यासारखे दिसतात. म्हणूनच अशा छायाचित्राला अंतराची नोंद लागते. छायाचित्रकार कुठे होता हे चित्र स्वतःहून सांगत नाही.

आणि चित्र अस्सल असूनही खोटे असू शकते, याचा दाखला त्याच संग्रहालयात आहे. ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ ही स्पर्धा लंडनचे नॅचरल हिस्टरी म्युझियम भरवते. २०१७ मध्ये ब्राझीलच्या एमास राष्ट्रीय उद्यानातल्या, रात्री वारुळाजवळ आलेल्या मुंगीखाऊच्या छायाचित्राला तिथे एका गटात पहिले बक्षीस मिळाले. एप्रिल २०१८ मध्ये ते काढून घेण्यात आले, कारण तज्ज्ञांच्या मते तो मुंगीखाऊ उद्यानाच्या प्रवेशद्वाराजवळ ठेवलेला, पेंढा भरलेला प्राणी होता. छायाचित्रकाराने आरोप नाकारला. निर्णय मात्र तसाच राहिला. त्याआधी, २००९ च्या विजेत्या चित्रातला फाटकावरून उडी घेणारा लांडगा पाळीव असल्याचे ठरून ते बक्षीसही रद्द झाले होते. यातली दोन्ही चित्रे तांत्रिकदृष्ट्या निर्दोष होती. ठिगळ होते ते ओळीत, चित्राखालच्या चिठ्ठीत. ज्या संस्थेला माइनर्त्झहागेनने फसवले, त्याच संस्थेच्या स्पर्धेत पेंढा भरलेला प्राणी जंगलचा म्हणून मिरवला जावा, हा योग सहज विसरण्याजोगा नाही.

यावर आक्षेप येतात आणि ते पोकळ नाहीत. पहिला म्हणजे ठिकाण सांगितले तर गर्दी होते, घरटी उजाड होतात. हे खरेच आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी वा घरटी विस्कळीत करणेही येते, हे लेन्स खरेदी करणाऱ्या किती जणांना ठाऊक असते कोण जाणे. ६०० मिमीचे भिंग साडेचार मीटरवरूनही फोकस होते. घरट्याचा जवळचा फोटो पाहून तो चाळीस मीटरवरून लपून काढला की पिलांच्या नाकासमोर उभे राहून, हे कळायला मार्गच नाही. पण यावर उपाय ठिकाण नष्ट करणे हा नाही, ते झाकणे हा आहे. नोंद करा, जाहीर करू नका. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर धोक्यातल्या प्रजातींचे ठिकाण आपोआप सुमारे वीस किलोमीटरच्या चौकटीत धूसर होते, ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर संवेदनशील प्रजातींच्या नेमक्या जागा सर्वांना दिसत नाहीत. संशोधकाला मात्र ती माहिती मिळू शकते. लपवलेली नोंद आणि न केलेली नोंद यात फरक आहे. पहिली शंभर वर्षांनी उघडता येते.

दुसरा आक्षेप कलेचा. छायाचित्र ही कला, ती काय सरकारी पंचनामा आहे? नसेना. पण मग त्याखाली निसर्गाचे नाव लावू नये. ज्याला उजेडाची, रेषेची हौस आहे त्याने ती खुशाल भागवावी. चिठ्ठी मागे पाकिटात ठेवली तरी चालते. तिसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे. म्हणतात, आता सगळे कॅमेरेच तारीख, वेळ, लेन्स फाइलमध्ये लिहून ठेवतात, हाताने कशाला लिहायचे? कारण कॅमेऱ्याचे घड्याळ चुकलेले असते, बहुतेक कॅमेऱ्यांत जीपीएस नसतो, आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की ही माहिती गळून जाते. ज्यातून ओळख पटते ती फाइल काही महिन्यांनी सापडत नाही. गटागटांतून फिरणारी प्रत मात्र वर्षानुवर्षे फिरते, गावाशिवाय. गावाचे नावही एकटे पुरत नाही. १७२४ मध्ये मुबारिज खानाला हरवून निजामुल्मुल्काने बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याचे नाव फत्तेखेर्डा केले, त्यामुळे जुन्या इंग्रजी कागदांत हे गाव त्या नावानेही येते. मांडव्या तर गुजरातेतच दोन आहेत. नकाशावरचे आकडे लिहिले की प्रश्न मिटतो.

साखरखेर्ड्याचे नाव मुद्दाम घेतले, कारण नोंदी नसण्याचे तेही एक उदाहरण आहे. सिंदखेड राजा तालुक्यातले हे गाव लोणारच्या रामसर-स्थळापासून फार लांब नाही, पण पर्यटकांच्या वाटेवर नाही. बुलढाणा जिल्ह्यातली गाजलेली वन्यजीव-नोंद म्हणजे टी१-सी१ हा वाघ. २०१९ च्या फेब्रुवारीत टिपेश्वर अभयारण्यात गळपट्टा लावलेला, त्याच वर्षाच्या अखेरीस ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचलेला, पट्ट्याच्या नोंदींनुसार तेराशेहून अधिक किलोमीटर चाललेला. त्याच्यासाठी कोणाला सहाशेचे भिंग लागले नाही. गळपट्ट्याने वेळ आणि जागा लिहिली, कॅमेरा ट्रॅपने ओबडधोबड चित्र दिले, आणि ते पुरले. याउलट माळावरची माळटिटवी, भोवत्या, धाविक, दसऱ्याला बघायचा चास यांची सुंदर छायाचित्रे या भागात निघतात, पण ती नोंद होत नाहीत. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’च्या २०२३ च्या अहवालाने तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवरून ९४२ प्रजातींची स्थिती मांडली आणि चास, म्हणजे भारतीय नीलपंख, घटत असल्याने त्याच्या जागतिक दर्जाचा फेरविचार सुचवला. या नोंदी मोठ्या शहरांभोवती आणि अभयारण्यांत दाट आहेत. शेतमाळावर त्या विरळ होतात. अभ्यासक मग सरासरी काढतात आणि सरासरीत साखरखेर्ड्याचा माळ येत नाही.

तर ज्यांच्या घरी आता दीडशे-सहाशेची लेन्स किंवा लांब झूमचा ब्रिज कॅमेरा आहे, त्यांना विनंती आहे. कॅमेऱ्याचे घड्याळ मोबाइलशी जुळवून घ्या. फोटो काढल्यावर मोबाइलवर त्या जागेचे अक्षांश-रेखांश टिपा, अंदाजे अंतर लिहा, पक्षी एकटा होता की थव्यात, काय करत होता, हे दोन ओळींत लिहा. चासच्या फोटोबरोबर त्या दिवशी दिसलेल्या साळुंक्या, होले, कावळे यांचीही यादी ईबर्डवर टाका; न दिसलेला पक्षीही यादीतूनच कळतो. मूळ फाइल जपा, गटांवर हवी तर लहान प्रत पाठवा. आणि घरट्यावर असलेल्या पक्ष्याचा फोटो काढूच नका, भिंग कितीही लांब असले तरी.