भोपळ्याचा षड्ज

आफ्रिकेच्या संस्कृतीपासून व निसर्गापासून प्रेरणा घेणाऱ्या आजच्या कलावंतांवर आणि कारागिरांवर एक लेख लिहावा, आणि तो होता होईल तो आपल्या सातारा-सांगलीकडचा असावा, अशी संपादकांची फर्माईश आली तेव्हा ती थट्टेने केलेली तर नाही ना, अशी शंका प्रथम मनात आली. या मुलखाचा आफ्रिकेशी जो एक ठळक संबंध दप्तरी नमूद आहे तो कलेचा नसून मुत्सद्देगिरीचा आहे. औंधचे राजपुत्र आप्पासाहेब पंत हे १९४८ साली स्वतंत्र भारताचे प्रतिनिधी म्हणून नैरोबीस गेले, १९५४ पर्यंत तेथे राहिले, आणि इंग्रजी अमलाखालच्या तिकडच्या देशांतील स्वातंत्र्याकांक्षी आफ्रिकी पुढाऱ्यांशी त्यांनी इतका स्नेह जोडला की गोऱ्या सरकारला तो सलू लागला. त्यांच्या वडिलांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, १९३८ मध्ये औंधास उभारलेल्या श्री भवानी वस्तुसंग्रहालयात रविवर्म्याच्या चित्रांपासून हेन्री मूरच्या मातृशिल्पापर्यंत पुष्कळ काही पाहण्यासारखे आहे. पण मला हवी असलेली आफ्रिका त्या दालनांत नव्हे, तर त्याच गावी १९४० पासून चालत आलेल्या संगीतोत्सवाच्या मंचावर होती. गवयाच्या पाठीशी दोन तंबोरे उभे असतात, आणि प्रत्येक तंबोऱ्याचे पोट म्हणजे एक आफ्रिकी फळ असते.

हे विधान अलंकारिक नव्हे. तंबोऱ्याचा भोपळा हा ज्या वेलीचे फळ आहे तिला वनस्पतिशास्त्रज्ञ लॅजेनेरिया सिसेरेरिया म्हणतात. आपल्या स्वयंपाकघरातला दुधी हा तिचाच गोड भाऊबंद. या वेलीचे मूळ आफ्रिका खंडात आहे याविषयी शास्त्रज्ञांत आता मतभेद उरलेला नाही, आणि तिचे खरेखुरे रानटी रोप झिंबाब्वेमध्ये सापडल्याची नोंद २००४ साली झाली. वाळलेले फळ पाण्यावर तरंगते, त्याचे बी समुद्राच्या खाऱ्या पाण्यात सात-सात महिने राहूनही रुजते, असे प्रयोगांनी दाखवून दिले आहे. २०१४ मध्ये जनुकांच्या अभ्यासाने असेही पुढे आले की अमेरिका खंडात हा भोपळा माणसाने नेला नाही, तो अटलांटिक महासागर ओलांडून आपला आपणच गेला. मनुष्याने मडके घडवण्याच्या आधी ज्या भांड्यात पाणी भरले त्यांत हे एक असावे. अशा फळाने हिंदुस्थानात येऊन संन्याशाचे तुंबीपात्र व्हावे, नारदाच्या वीणेस लागावे आणि अखेर मिरजेच्या गल्लीत येऊन षड्जाचे घर व्हावे, हा प्रवास कोणत्याही राजदूताच्या प्रवासाहून मोठा आहे.

मिरजेचा अधिकृत इतिहास थोडक्यात उरकता येतो. तरवारी आणि भाले पाजळणारी शिकलगारांची घराणी येथे नांदत होती. १८१८ साली पेशवाई बुडाली, पुढे शस्त्रांचा व्यवहार संपला, आणि हात कसबी पण रिकामे राहिले. पटवर्धन संस्थानिकांच्या दरबारी गवयी येत, त्यांच्या वाद्यांची मोडतोड होई, आणि ती दुरुस्त करता करता फरीदसाहेब नावाच्या शिकलगाराने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्वतःच तंबोरा घडवला, अशी परंपरा सांगतात. त्यांच्या वंशजांचे आडनावच सतारमेकर झाले. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी विष्णु दिगंबर पलुसकरांना येथेच तालीम दिली; अब्दुल करीम खाँसाहेबांनी येथे बिऱ्हाड केले, स्वतः कानस हाती घेऊन वाद्ये दुरुस्त केली, आणि १९३७ मध्ये त्यांचा देह मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारातच विसावला. एवढे सांगितले की पाहुण्याचे समाधान होते. माझे झाले नाही, कारण माझा पाय सतारमेकर गल्लीतल्या एका दुकानाच्या माळ्याच्या शिडीवर अडकला होता.

त्या माळ्यावर भोपळे होते. आढ्याला टांगलेले, भिंतीशी उतरंडीने रचलेले, काही घागरीएवढे, काही रांजणाएवढे, पिवळसर, डागाळलेले, आणि आतून वाळल्या बियांचा खुळखुळाट करणारे. दुकानाचे वृद्ध मालक, ज्यांना सारी गल्ली चाचा म्हणते, एकेक भोपळा मांडीवर घेत, दोरीने त्याचा घेर मोजत, बोटाच्या पेराने त्याच्या पाठीवर टिचकी मारीत आणि कान जवळ नेत. गवयाच्या तंबोऱ्यास पन्नास इंचांवर घेराचा भोपळा लागतो. गायिकेच्या तंबोऱ्यास त्याहून लहान चालतो. पण घेर हा प्रश्नाचा केवळ अर्धा भाग. साल फार पातळ असेल तर आवाज फुटतो, फार जाड असेल तर कोंडतो. एका बाजूस जाड आणि दुसऱ्या बाजूस पातळ असेल तर त्याचे काय होईल हे तो वाजेपर्यंत खुद्द चाचांनाही सांगता येत नाही. "लाकूड आपण सांगू तसं ऐकतं, साहेब," ते म्हणाले, "भोपळ्याचं मात्र आपल्यालाच ऐकावं लागतं."

आणि खरोखर सारे काम त्या ऐकण्यातूनच पुढे सरकते. आधी तुणीच्या लाकडाची दांडी तयार करावी आणि मग तिला साजेसा भोपळा शोधावा, असे येथे होत नाही. आधी भोपळा ठरतो, आणि दांडीची लांबी, गळ्याची रुंदी, भोपळ्याचे तोंड झाकणाऱ्या लाकडी तबलीचा फुगवटा हे सारे त्याच्या मर्जीने ठरत जाते. वरचा भाग कापून फळ पाण्यात भिजत ठेवतात, नरम पडलेला आतला गाभा खरवडून काढतात, तोंड आक्रसू नये म्हणून आतून काड्यांचा ताण देऊन ते वाळवतात. मग गळा बसतो, पोकळ दांडी जोडली जाते, सरसाने सांधे धरतात, आणि जेथे फळ व लाकूड मिळतात ती शिवण कोरीव पानांच्या वेलबुट्टीखाली झाकली जाते. भोपळ्यावर कीड लागल्याची भोके बुजवलेली, त्यावर चपड्याच्या पॉलिशचे हात चढलेले. ग्राहकाला दिसतो तो केवळ तांबूस, तुकतुकीत, निर्दोष गोल. चाचांच्या हाताला मात्र त्या पॉलिशखालचा प्रत्येक डाग ठाऊक असतो.

तरीही ज्या गोष्टीने मला दिवसभर त्या ओट्यावर बसवून ठेवले ती भोपळा नव्हे, जवारी. तबलीवर जी रुंद घोडी बसवलेली असते तिचा माथा वरकरणी सपाट, पण वस्तुतः अत्यंत सूक्ष्म उताराचा असतो, आणि तो उतार साधणे म्हणजेच जवारी काढणे; तार त्या उतारावरून निसटती जाते, कंप पावताना त्याला स्पर्श करते, सुटते, पुन्हा स्पर्श करते, आणि घोडी व तार यांच्यामध्ये सरकवलेला साधा सुताचा धागा त्या स्पर्शाचे नेमके ठिकाण ठरवतो. धागा केसभर पुढेमागे झाला की तार मुकी होते किंवा नुसती खरखरते. योग्य जागी आला की एका षड्जातून गंधार, पंचम आणि त्याहून वरचे स्वर एकामागून एक उमलू लागतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये याच घोडीवर लेखणी चालवली होती, आणि तारेवर ज्या बिंदूशी छेडले असता काही स्वर उमटूच नयेत असे युरोपीय नियम सांगतो, त्याच बिंदूशी छेडूनही तंबोऱ्यात ते उमटतात, असे दाखवले होते. चाचांना रामन यांचे नाव नोबेलापुरते माहीत. ते कानशीचा एक हलका हात घोडीवर फिरवीत, भुकटी फुंकून टाकीत, तार छेडीत, मान हलवीत, पुन्हा फिरवीत. खर्जाच्या तारेपाशी तर हा क्रम इतक्या वेळा झाला की मोजणे मीच सोडून दिले. मध्येच एक गिऱ्हाईक येऊन भाव विचारून गेले, त्यास त्यांनी उत्तरही दिले नाही.

संपादकांची फर्माईश मला येथे आठवली. ज्या खंडातून हे फळ आले तेथील वाद्यकारही याच गुंजारवासाठी जीव टाकतात, आणि तो त्यांनी आमच्याकडून घेतलेला नाही, आम्हीही त्यांच्याकडून घेतलेला नाही. झिंबाब्वेतील शोना लोकांची म्बिरा ही लोखंडी पट्ट्यांची फळी मोठ्या भोपळ्याच्या पोटात बसवून वाजवतात, आणि स्वर जरा झणझणावा म्हणून तिला शिंपले, किंवा आजकाल बाटल्यांची पत्र्याची झाकणे, मुद्दाम बांधतात. पश्चिम आफ्रिकेतील बालाफोनच्या लाकडी पट्ट्यांखाली लहानमोठे भोपळे टांगलेले असतात. त्यांना भोक पाडून त्यावर कोळ्याच्या अंडकोशाचा पातळ पापुद्रा चिकटवण्याची रीत आहे, आणि तो पापुद्रा प्रत्येक आघाताला गुणगुणतो. माली-गांबियाकडचा कोरा तर अर्ध्या भोपळ्यावर गाईचे कातडे ताणून केलेला, एकवीस तारांचा. २०२४ मध्ये निवर्तलेल्या तुमानी द्याबातेंनी तो जगाच्या सभागृहांत नेला. तेथील काही आजचे वाद्यकार तारा ताणण्याची कातड्याची कडी सोडून लोखंडी खुंट्या लावू लागले आहेत, आणि जुने लोक त्यावर नाके मुरडतात. नैरोबीस १९५० मध्ये जन्मलेल्या, बालपणीच्या शिक्षणाचा काही काळ भारतात काढलेल्या मॅग्डलीन ओडुंडो या कुंभकर्तीची हाताने उभारलेली घोटीव भांडी पाहावी, तर त्यांच्या फुगीर कुशीत आणि निमुळत्या गळ्यात भोपळ्याचीच आकृती डोकावते. निर्भेळ, स्वच्छ, एकसुरी नाद हा युरोपीय वाद्यकाराचा आदर्श असेल. या दोन प्रदेशांत मात्र स्वरास थोडी धूळ, थोडी खरखर लागल्यावाचून तो जिवंत मानला जात नाही. चाचा आफ्रिकेवर व्याख्यान देऊ शकणार नाहीत. पण साऱ्या आयुष्याचे कसब त्या खंडाच्या एका फळाच्या स्वभावाला वाहून टाकणे, याहून प्रेरणा म्हणजे आणखी काय असते ते मला समजत नाही.

आफ्रिकेचा दुसरा जिन्नस या गल्लीत आला तो मात्र अभिमानाने सांगण्यासारखा नाही. झांजीबारहून मुंबईस उतरणाऱ्या हस्तिदंताच्या घोड्या आणि नक्षीच्या पट्ट्या हिंदुस्थानी वाद्यांवर दीर्घकाळ चढत होत्या. १९९० पासून आफ्रिकी हत्तीच्या दंताचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद झाला, १९९१ च्या दुरुस्तीने आपल्या वन्यजीव कायद्यानेही तो वर्ज्य केला, आणि हाड, शिसवी, सेल्युलॉइड, प्लॅस्टिक यांवर काम भागू लागले. जुने वादक हस्तिदंती जवारीची आठवण हळवेपणाने काढतात. ती हळवी आठवण ऐकून घ्यावी, पण तिच्यापायी एखादा हत्ती मारला जावा इतकी ती मोलाची नाही.

खरी काळजी हत्तीची नाही, वेलीची आहे. मिरजेचा भोपळा मिरजेत पिकत नाही. तो पंढरपूर-मंगळवेढ्याकडे, भीमेच्या काठच्या रानांत पिकतो. पावसाळ्यात लावलेली वेल जमिनीवर पसरते. फळ बुडावर उभे राहून गोल भरावे म्हणून शेतकरी ते हाताने सरळ करतो, खाली गवत घालतो, आणि मग वेल सुकून जाईपर्यंत महिनोन्‌महिने राखण करतो. फळ कडू, म्हणून गुरे खात नाहीत; माणसे खात नाहीत, म्हणून बाजार समितीत त्याला भाव नाही. गिऱ्हाईक एकच, वाद्यकार. १९८० मध्ये उजनीचे धरण पुरे झाले, कालव्यांचे पाणी फिरले, आणि ज्या रानात भोपळा तग धरी तेथे ऊस उभा राहिला. ऊस कारखान्याला जातो, बिल मिळते, राखण लागत नाही. शिवाय अवेळीचा पाऊस आहेच: ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेला आलेल्या पुरासारखा एक तडाखा पिकत्या फळावर बसला तर ते जागच्या जागी कुजते. फार पाणी प्यालेल्या वेलीचे फळ मोठे होते पण साल पातळ राहते, अशी गल्लीतल्या सगळ्यांची एकमुखी तक्रार आहे.

मिरजेच्या बाजूस अडचणी निराळ्या. गेल्या शतकाच्या आठव्या दशकाअखेर बंगळुरात विजेचा तंबोरा निघाला, आणि आता तर तो भ्रमणध्वनीत फुकट वाजतो. शिकाऊ विद्यार्थ्यास खरा तंबोरा घ्यावासा वाटेनासा झाला आहे. सतारमेकरांची मुले शिकली, नोकऱ्यांत गेली. जी राहिली त्यांना भुशाच्या आणि पॉलिशच्या वासात बसून जवारीची दशके काढण्याची घाई नाही. ऑगस्ट २०१९ च्या कृष्णेच्या महापुराने सारा भाग हादरवला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीस आणि तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले, आणि त्याबद्दल गल्लीत पेढे वाटले गेले असतील तर ते योग्यच होते. नकली मालाला त्याने आळा बसेल. पण ते मानांकन तयार वाद्याचे आहे. ज्या शेतकऱ्याच्या बांधावर वाद्याचा जन्म होतो, त्याच्या हाती त्यातून काय पडेल, हे कोणत्याही सनदेत लिहिलेले नाही.

तेव्हा माझा कौल असा की या कलेचे भवितव्य सतारमेकर गल्लीत ठरणार नाही. ते भीमेच्या काठी, चार-दोन एकरांच्या हिशेबावर ठरेल. निवडक घेराच्या, जाड सालीच्या फळांचे बी राहुरीच्या कृषी विद्यापीठाने जतन करावे, आणि वाद्यकारांनी पेरणीपूर्वी शेतकऱ्यास आगाऊ रक्कम देऊन भाव बांधून द्यावा, एवढे दोन उपाय खर्चिक नाहीत. आणि वाचकांपैकी ज्यांच्या घरी आजीचा किंवा काकांचा तंबोरा कापडात गुंडाळून कोपऱ्यात उभा असेल, त्यांनी तो शोभेची वस्तू म्हणून ठेवू नये. मिरजेस नेऊन त्याची जवारी काढून घ्यावी, आणि नवा तंबोरा घेणार असाल तर दुकानदारास भोपळा कोणत्या गावच्या शेतातला, हे अवश्य विचारावे.