मुंबई पाहावी कशी?

मुंबईस कधीच न गेलेला गृहस्थ आपल्या गावात आज शोधूनही सापडणार नाही. कोणी लग्नाला गेला, कोणाची हायकोर्टात तारीख होती, कोणी आजारी माणसाला घेऊन परळच्या इस्पितळात दोन महिने काढले, कोणाचा मुलगा तेथे नोकरीस लागला म्हणून त्याचे बिऱ्हाड थाटून देण्यासाठी आई-वडील दोघेही गेले. परंतु मुंबई पाहण्यासाठी म्हणून मुंबईस गेलेले किती? काशीस किंवा रामेश्वरास जायचे झाले तर आपण महिनाभर आधी विचारपूस करतो, दिवस राखून ठेवतो. मुंबईच्या वाट्याला मात्र काम आटोपून जो वेळ उरेल तेवढाच यायचा. त्या वेळात गेटवे, राणीची बाग, चौपाटीवरची भेळ, आणि मग संध्याकाळची गाडी. घरी आल्यावर विचारले तर उत्तर ठरलेले: ‘गर्दी फार हो!’

गर्दी आहेच, ती काही आम्ही नाकारीत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, एकदा तरी तीन दिवस काढून, कोणतेही काम सोबत न घेता, निव्वळ प्रवाशाच्या नात्याने या शहरात हिंडावे, आणि हिंडताना एक प्रश्न सतत मनाशी ठेवावा. तो असा, की आपण उभे आहोत तेथे पूर्वी पाणी होते की जमीन?

मुंबई मुळात सात बेटांची, हे आपण शाळेत शिकलो. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम ही ती बेटे. पण नकाशावर सात ठिपके काढून ती नीट कळत नाहीत. जमिनीचा उंचसखलपणा ध्यानात घ्यावा लागतो. पश्चिमेला मलबार हिल, कंबाला हिल आणि पुढे वरळीची टेकडी अशी एक रांग आहे. पूर्वेला डोंगरी, माझगाव, शिवडी अशी दुसरी. मधला भाग एखाद्या परातीसारखा खोलगट. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधल्या खिंडारातून समुद्र भरतीच्या वेळी आत शिरे आणि ही परात भरून टाकी. ओहोटी लागली की चिखल आणि दलदल मागे राही. म्हणजे दिवसातून दोनदा बेटे आणि दोनदा दलदल, असा हा मुलूख होता. पोर्तुगीज राजकन्येच्या विवाहाच्या करारात, १६६१ साली, तो इंग्रजांच्या राजाला मिळाला आणि १६६८ साली त्याने तो वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीच्या हवाली केला. त्यावेळी या सौद्याला कोणी महाग म्हटले नसावे.

हे सगळे ऐकीव ठेवू नये. पायांनी चालून पाहावे. बोरीबंदरच्या स्टेशनातून, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमधून बाहेर पडून, क्रॉफर्ड मार्केटवरून उत्तरेकडे वीसएक मिनिटे चालत गेले की पायधुनी लागते. आज तेथे दुकाने, हातगाड्या आणि हॉर्न यांखेरीज काही दिसत नाही. पण नावाचा अर्थ जाणण्यास पंडिताची गरज नाही. खाडीच्या चिखलातून पलीकडून आलेला माणूस येथे पाय धुऊन मुंबईच्या बेटावर चढत असे. जवळच उमरखाडी आहे. तेथेही खाडी फक्त नावात उरली आहे. मुंबादेवीचे देऊळ पायधुनीहून हाकेच्या अंतरावर. तेही मूळचे तेथले नव्हे. ते पूर्वी आजच्या बोरीबंदरच्या परिसरात होते, कोटाभोवतीची जागा मोकळी करताना हलवले गेले. जिच्या नावाने शहर ओळखले जाते तिलाच शहरासाठी बिऱ्हाड हलवावे लागले!

मधल्या सखल भागात शिरणारे पाणी थोपवायचे तर महालक्ष्मीचे खिंडार बुजवणे भाग होते. विल्यम हॉर्नबी १७७१ पासून १७८४ पर्यंत मुंबईचा गव्हर्नर होता. त्याच्या कारकिर्दीत हा बांध घालण्याचे काम निघाले, म्हणून त्याला हॉर्नबी वेलार्ड म्हणत. वेलार्ड हा शब्द मूळ पोर्तुगीज, अर्थ कुंपण किंवा बांध. त्याच्यावरून जाणाऱ्या रस्त्याला आज लाला लजपतराय मार्ग म्हणतात. बांध पुन्हा पुन्हा ढासळे. मग काम पाहणाऱ्या रामजी शिवजी नावाच्या पाठारे प्रभू गृहस्थाच्या स्वप्नात देवी आली, समुद्रात मूर्ती सापडल्या, त्यांची स्थापना झाली आणि बांध टिकला, अशी आख्यायिका आहे. महालक्ष्मीच्या देवळामागे खडकांवर आपटणाऱ्या लाटा पाहिल्या की ही आख्यायिका का जन्मली ते समजते. बांध टिकला, परातीतले पाणी हळूहळू आटले, आणि त्या जमिनीवर पुढे वस्ती झाली, रेल्वे आली, घोड्यांच्या शर्यतीचे मैदान झाले, गिरण्यांची धुराडी उभी राहिली.

देवळापासून दहा मिनिटांवर हाजीअलीचा दर्गा. किनाऱ्यापासून समुद्रात गेलेल्या अरुंद वाटेने तेथे जायचे, आणि मोठी भरती आली की ती वाट पाण्याखाली जाते. तेव्हा भरतीची वेळ ठाऊक हवी. कोकणच्या लोकांना त्यासाठी छापील तक्ता लागत नाही. तिथीची पाऊणपट करावी, पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमेला आणि अमावास्येला सुमारे बारा. दुपारी जेवढ्या वाजता तेवढ्याच वाजता रात्रीही. अर्धापाऊण तास इकडेतिकडे होईल, पण प्रवाशाला एवढे पुरे. अष्टमीच्या सुमारास भरती लहान असते, पौर्णिमा-अमावास्येची मोठी. खिशात कालनिर्णय असला म्हणजे झाले.

आणि हा हिशेब नुसत्या हौसेचा नाही. बांधाने समुद्र बाहेर राहिला, पण परात परातच राहिली. तिच्यातला बराच भाग भरतीच्या पातळीहून खाली किंवा जेमतेम वर आहे. पावसाचे पाणी समुद्रात सोडणारी गटारे जेथे उघडतात तेथे भरतीच्या वेळी समुद्रच वर असतो. पाणी बाहेर जायचे सोडून मागे यायला पाहते. तोंडे बंद करावी लागतात, आणि साचलेले पाणी हाजीअली आणि वरळी येथल्या प्रचंड पंपांनी उपसून टाकावे लागते. पाऊस साधा असेल तर हे निभते. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एका वेळी आली की हिंदमाता, परळ, सायन या भागांत गुडघाभर पाणी. वर्तमानपत्रे दरवर्षी आश्चर्य व्यक्त करतात. आश्चर्य कसले? पाणी आपल्या जुन्या घरी आलेले असते.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्यास तो शंभराच्या आतच होता. दुपारी भरतीही मोठी होती. मिठी नदी, जिला कित्येक मुंबईकर तोवर नालाच समजत होते, दोन्ही काठ सोडून वाहिली. नदीमुखाची दलदल भरून तेथे वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले होते, पात्रही जागोजाग आवळले गेले होते. शहरात चारशेहून अधिक माणसे दगावली. आपल्यातल्या ज्यांची मुले तेथे जागा शोधीत असतील त्यांना आमचे सांगणे आहे की, स्टेशनपासून किती मिनिटे, हे विचाराच. पण येथे पूर्वी खाडी होती की खडक, हेही कोणा जुन्या माणसाला विचारा. दलाल ते सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी ओव्हल मैदानावर जावे, आणि तेथे घाईने जाऊ नये. ऊन उतरल्यावर मैदानाच्या मधोमध उभे राहावे. पूर्वेला विद्यापीठ, राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट. पश्चिमेला गोलसर सज्जांच्या, जहाजासारख्या दिसणाऱ्या घरांची रांग. दोहोंमध्ये साठएक वर्षांचे अंतर आहे आणि दोन्ही बाजूंचे मूळ समुद्रात आहे. ते कसे, ते सांगतो.

अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा तिकडचा कापूस बंद झाला. आपल्या वऱ्हाड-खानदेशातल्या, गुजरातेतल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. त्या पैशाने सट्टा सुरू झाला, आणि सट्ट्याला सर्वांत आवडता विषय सापडला तो समुद्र भरून जमीन काढण्याचा. बॅक बे भरण्यासाठी कंपनी निघाली, तिचे शेअर कैक पटींनी चढले. १८६५ साली युद्ध थांबले, कापूस पडला, आणि शेअर हे निव्वळ कागद झाले. प्रेमचंद रायचंद हा त्या बाजाराचा राजा, तोही बुडाला. पण बुडण्यापूर्वी त्याने विद्यापीठाला देणगी दिली होती. तिच्यातून हा टॉवर उभा राहिला आणि त्याला त्याच्या आईचे नाव मिळाले. आराखडा गिल्बर्ट स्कॉटचा. त्याने तो विलायतेत बसून काढला, मुंबई कधी पाहिली नाही. टॉवर १८७८ साली पुरा झाला तेव्हा त्याच्यासमोर मैदान, पुढे रेल्वेचे रूळ, आणि त्याला लागून समुद्र होता. याच काळात बार्टल फ्रियरने जुन्या कोटाच्या भिंती पाडल्या. चर्चगेट हे त्या कोटाच्या एका दरवाजाचे नाव. दरवाजा गेला, स्टेशन राहिले. घोषणा ऐकून रोज लाखो लोक उतरतात, पण दरवाजा कोठे होता असे विचारणारा विरळाच.

समोरची पश्चिमेकडची रांग १९३० नंतरची. १९२० च्या सुमारास गव्हर्नर लॉईडने बॅक बे भरण्याचे काम सरकारी खर्चाने पुन्हा काढले. खर्च वाढत गेला, भराव वाहून जाऊ लागला. खुर्शेद नरिमन या तरुण पारशी वकिलाने कामातला गैरव्यवहार चव्हाट्यावर मांडला. त्यांच्यावर बदनामीचा खटला झाला आणि त्यातून ते निर्दोष सुटले. योजनेचा मोठा भाग सोडून द्यावा लागला. जेवढी जमीन निघाली तिच्यावर ही घरे आणि मरीन ड्राइव्ह झाले. स्वातंत्र्यानंतर आणखी भराव पडला आणि त्या टोकाला नाव मिळाले नरिमन पॉइंट! भरावाच्या घोटाळ्यावर बोट ठेवणाऱ्या माणसाचे नाव भरावालाच देण्याचा हा योग मोठा मौजेचा आहे. मैदानाच्या या दोन्ही बाजूंना मिळून २०१८ साली युनेस्कोने जागतिक वारशात स्थान दिले.

तिसऱ्या दिवशी पहाटे उठण्याची तयारी हवी. कुलाब्याचा ससून डॉक १८७५ सालचा. उजाडता उजाडता होड्या लागतात, मासळीचे ढीग पडतात, लिलाव सुरू होतो, आणि कोळिणी टोपल्या घेऊन अशा चालतात की रस्ता आपण द्यायचा. शाकाहारी मंडळींनी नाकाला रुमाल लावून का होईना, पण जावे. कोळी हे या बेटांचे सर्वांत जुने रहिवासी. प्रत्येक भरावाने शहराला जमीन दिली, आणि दर वेळी थोडा समुद्र कोळ्यांच्या वाट्यातून गेला. ही जुनी गोष्ट नाही. मरीन ड्राइव्ह ते वरळी हा किनारी रस्ता मार्च २०२४ मध्ये अंशतः खुला झाला. त्यासाठी शंभर हेक्टरांहून अधिक भराव पडला. वरळीच्या कोळ्यांची होड्या नेण्याची वाट नेमकी त्याच्या पुलाखालून जाते. दोन खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठेवले होते. लाटांच्या उसळीत होडी खांबावर आदळेल, असे कोळ्यांनी सांगितले. अभियंत्यांना ते पटेना. कोळ्यांनी काम अडवले, आणि शेवटी एका ठिकाणी अंतर १२० मीटर करावे लागले. किनारी रस्त्यावरून मोटारीने जाणाऱ्याला हे दिसत नाही. वरळी कोळीवाड्याच्या धक्क्यावर उभे राहिले की दिसते.

डॉकवरून गेटवे जवळच आहे. ज्या बादशहाच्या स्वागतासाठी ही कमान, तो १९११ साली आला तेव्हा ती बांधलेलीच नव्हती. ती १९२४ साली पुरी झाली, आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी शेवटची इंग्रज पलटण तिच्यातूनच बाहेर पडली. याहून अधिक वेळ आम्ही तेथे घालवणार नाही. समोर घारापुरीच्या लाँचा उभ्या असतात. तासाभराचा प्रवास, मग शंभराहून अधिक पायऱ्या, आणि लेण्यात शिरल्यावर अंधाराला डोळे सरावले की समोर महेशमूर्ती. तीन मुखे, उंची सुमारे १८ फूट. तिच्यापुढे शांत बसावे. मार्गदर्शकाला थोडा वेळ गप्प राहण्यास सांगितले तरी चालते. शहराचे बंदर नुकतेच डोळ्यांसमोरून गेलेले असते, आणि ही मूर्ती कंपनीच्या भाडेकराराच्या हजार वर्षे आधीची आहे.

या बेटावर किनाऱ्याजवळ एक दगडी हत्ती होता, त्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटले. १८६४ साली तो विलायतेस नेण्याचा घाट घातला गेला. उचलताना यारी मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे पुढे जोडले, आणि आज तो राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयापाशी उभा आहे. त्याच्या अंगावरचे सांधे नीट पाहिले तर दिसतात. लेणी सोमवारी बंद असतात, संग्रहालय आणि बाग बुधवारी. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँचाही थांबतात. तेव्हा कार्तिक ते फाल्गुन हा काळ धरावा, आणि निघण्यापूर्वी तिथी पाहून ठेवावी.