डॅशुंडच्या पाठीत डोकावताना

सोफ्यावर उड्या मारणारा डॅशुंड एका सकाळी उडी मारत नाही. उचलला की कळवळतो, मागचे पाय अडखळतात. मालक घाबरून विचारतो, "एक्स-रे काढायचा ना?" काढायचा, पण डॉक्टरांच्या हातांचं काम आधी. पंजा उलटा टेकवला तर कुत्रा तो लगेच सरळ करतो का? गुडघ्यावर टिचकी मारल्यावर पाय उडतो का? पाठ दाबत गेलं की नेमका कुठे आखडतो? मज्जारज्जूचा कोणता भाग दुखावला आहे, हे यातून ठरतं आणि फोटो कुठला काढायचा तेही.

दोन मणक्यांमधल्या चकतीत मऊ, पाणीदार गर असतो आणि भोवती चिवट तंतूंचं कडं. आखूड पायांच्या जातींत हा गर पहिल्या वर्षातच सुकायला लागतो, पुढे त्यात कॅल्शियम साचतं. कडं मज्जारज्जूच्या बाजूला सर्वांत पातळ, म्हणून गर बहुधा तिकडेच फुटून येतो. हा प्रकार, आणि थोराड कुत्र्यांत कडं हळूहळू फुगण्याचा दुसरा, हे दोन्ही स्वीडिश संशोधक हॅन्सन यांनी १९५२ मध्ये वेगळे करून दाखवले.

एक्स-रेवर हाडं दिसतात, कॅल्शियम साचलेल्या चकत्या दिसतात, दोन मणक्यांमधली कमी झालेली फटही दिसते. मज्जारज्जू मात्र दिसत नाही. कॅल्शियम साचलेल्या चकत्या एकाच पाठीत चार-पाच असू शकतात. त्यांतली दाबणारी कोणती, हे एक्स-रेवरून खात्रीनं सांगता येत नाही. सीटी स्कॅनमध्ये मणक्यांच्या पोकळीत सांडलेला कॅल्शियमयुक्त गर काही मिनिटांत पांढरा उठून दिसतो. एमआरआयला वेळ जास्त लागतो आणि त्यासाठी कुत्र्याला भूल द्यावीच लागते, पण खुद्द मज्जारज्जू तिथेच नीट दिसतो. एमआरआयच्या एका प्रकारच्या चित्रात निरोगी चकती पांढरी, सुकलेली काळी, आणि मज्जारज्जूला सूज असेल तर तो भाग उजळ दिसतो.

म्हाताऱ्या जर्मन शेफर्डच्या बाबतीत खास जपावं लागतं. त्याचे मागचे पाय महिनोन्‌महिने, न दुखता लुळे पडत गेले, तर एमआरआयमध्ये दिसणारी फुगलेली चकती दोषी असेलच असं नाही. मज्जारज्जूच झिजत जाणारा आजारही असू शकतो. तो एमआरआयवर दिसत नाही. जनुक चाचणीनं संशय बळावतो, इतकंच.

आणि पाय पूर्ण लुळे असतील तेव्हा सर्वांत मोलाची खूण पुन्हा हातालाच कळते. मागच्या बोटाला चिमट्यानं घट्ट दाबायचं. पाय आखडला, तर ती नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते. कुत्रा मान वळवून पाहतो का, विव्हळतो का, ते बघायचं.