दार, ओळंबा आणि गुरुत्वाकर्षण

अमेरिकेत घर घेतलं की कधी ना कधी आतल्या एखाद्या खोलीचं दार बदलायची वेळ येतेच. निमित्तही बहुतेकदा ठरलेलं: आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार आहेत आणि ज्या खोलीत त्यांची सोय करायची तिचं दार एक तर घासतं, नाहीतर आपोआप उघडतं. रात्री दोन वाजता बाथरूमला निघालेल्या सत्तरीच्या माणसाला खांद्याने दार ढकलावं लागणं बरं नाही.

आपल्याकडे विटांच्या भिंतीत आधी चौकट उभी राहते, लोखंडी होल्डफास्ट सिमेंटात पक्के होतात, आणि दार नंतर सुतार येऊन रंधा मारत बसवतो. इथे भिंत म्हणजे उभे लाकडी स्टड आणि दोन्ही बाजूंना ड्रायवॉल. स्टडांमध्ये दारापेक्षा साधारण 2 इंच रुंद अशी मोकळी जागा सोडलेली असते. दुकानातून येतं ते ‘प्रीहंग’ दार, म्हणजे चौकट, बिजागऱ्या आणि दार आधीच जोडलेलं. सुतारकाम कारखान्यात उरकलेलं असतं. तुमच्या वाट्याला उरते ती भूमिती.

ही भूमिती समजून घेण्यासारखी आहे. दाराला एकच हालचाल करायची मुभा असते, ती म्हणजे एका सरळ अक्षाभोवती फिरणं. अक्ष ठरायला दोन बिंदू पुरतात, पण बिजागऱ्या असतात तीन. म्हणजे मधली बिजागरी बाकी दोघींच्या रेषेत तंतोतंत हवी, नाहीतर दार अडखळतं. म्हणून काम नेहमी बिजागऱ्यांच्या बाजूने सुरू करा. आधी जमिनीवर लेव्हल ठेवून बघा. एका बाजूची जमीन उंच असेल तर चौकटीचा त्या बाजूचा पाय तेवढाच कापा. मग बिजागऱ्यांकडची बाजू ओळंब्यात आणा, आणि तीसुद्धा दोन्ही दिशांनी: भिंतीच्या पातळीत आणि भिंतीला काटकोनात. दुसरी दिशा बरेच जण तपासतच नाहीत.

त्याने काय बिघडतं? समजा 30 किलोचं, 76 सेंटिमीटर रुंदीचं भरीव दार आहे आणि अक्ष 2 मीटरमागे फक्त 3 मिलिमीटर कललाय. दाराचं वजन अक्षापासून 38 सेंटिमीटरवर एकवटलंय असं धरलं, तर हँडलपाशी जास्तीत जास्त 24 ग्रॅम वजनाइतका ढकलणारा जोर तयार होतो. ऐकायला काहीच नाही, पण बिजागऱ्यांत घर्षण कमी असेल तर दार स्वतःहून फिरायला तेवढा जोर पुरतो. भूतबाधेच्या निम्म्या गोष्टींचं मूळ इथेच असावं, असा मला दाट संशय आहे.

चौकट आणि स्टड यांमधली फट भरतात ती देवदाराच्या पाचरींनी, इथल्या भाषेत शिम. आपल्याकडे ‘पाचर मारणे’ म्हणजे दुसऱ्याच्या कामात खोडा घालणे; इथे मात्र पाचरीशिवाय काम पुढे सरकत नाही. एकच पाचर घातली तर चौकट तिरकी होते. दोन पाचरी उलटसुलट दिशांनी, एकमेकींवर ठेवून सरकवल्या की बाहेरच्या कडा समांतर राहतात आणि जाडी हवी तेवढी बदलते. 20 सेंटिमीटर लांब आणि जाड टोकाला 6 मिलिमीटर असलेली पाचर 1 सेंटिमीटर आत सरकवा, जाडी 0.3 मिलिमीटरने वाढते. प्रयोगशाळेत एवढ्या अचूकतेसाठी आम्ही महागडे स्क्रू विकत घेतो!

पाचरींची जोडी प्रत्येक बिजागरीच्या मागे हवीच. वरच्या बिजागरीवर तर खास लक्ष द्या. दाराचं वजन अक्षापासून दूर असल्यामुळे ते वरची बिजागरी बाहेर ओढतं आणि खालची आत दाबतं. वरची-खालची बिजागरी 150 सेंटिमीटर अंतरावर असल्या तर ही ओढ दाराच्या वजनाच्या सुमारे पाव, म्हणजे आपल्या दारासाठी साडेसात किलो, आणि तीही चोवीस तास. म्हणून वरच्या बिजागरीतला एक आखूड स्क्रू काढून तिथे 3 इंची स्क्रू घाला. तो चौकट पार करून थेट स्टडमध्ये रुततो.

कुलपाची बाजू त्यामानाने सोपी. दार लावून भोवतालची फट बघत जायची, सगळीकडे सारखी 3 मिलिमीटर दिसली की खिळे मारायचे. बाहेर डोकावणाऱ्या पाचरी कापल्या की बाकीची सजावट.

घर 1978 च्या आधीचं असेल तर जुनी चौकट उखडण्यापूर्वी रंगात शिसं आहे का, ते तपासून घ्या. त्या वर्षी अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आली, पण आधीचे थर भिंतींवर तसेच आहेत, आणि त्यांची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते.

आणखी एक: नवं दार दोन-तीन दिवस त्याच खोलीत ठेवा. हिवाळ्यात हीटरने हवा कोरडी होते, उन्हाळ्यात दमट, आणि लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने आक्रसतं-फुगतं. लांबीत जवळपास नाहीच. म्हणून जुलैत घासणारं दार जानेवारीत गुमान लागतं. रंगवताना दाराची वरची आणि खालची कडही रंगवा. तिथे उभ्या पट्ट्यांच्या तंतूंची तोंडं उघडी असतात आणि ओल सर्वांत वेगाने तिथूनच आत शिरते. खालची कड दार उभं करण्याआधीच रंगवावी लागते.