सांडपाण्यातील संप्रेरकसदृश रसायने आणि ओझोन प्रक्रिया

शहरांलगतच्या अनेक गावांत सांडपाण्यावर भाजीपाला, ऊस व चारापिके घेतली जातात. या पाण्यातून पिकांना नत्र व स्फुरद मिळते. परंतु त्याबरोबर शरीरातील संप्रेरकांच्या (हार्मोन्सच्या) कार्यात ढवळाढवळ करणारी रसायनेही येतात. गर्भनिरोधक गोळ्यांतील इथिनिल एस्ट्राडायॉल, प्लॅस्टिकमधील बिस्फेनॉल-ए व काही डिटर्जंटपासून तयार होणारे नोनिलफिनॉल ही त्यांपैकी प्रमुख होत.

अत्यल्प मात्राही घातक

कॅनडातील एका प्रायोगिक सरोवरात २००१ ते २००३ या काळात लिटरला केवळ ५ ते ६ नॅनोग्रॅम इथिनिल एस्ट्राडायॉल राखण्यात आले. (१ नॅनोग्रॅम म्हणजे १ ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग.) तेथील नर माशांत मादीची लक्षणे दिसू लागली आणि फॅटहेड मिनो ही लहान मासळी जवळजवळ नाहीशी झाली.

ओझोन काय करतो?

ओझोन म्हणजे ऑक्सिजनच्या तीन अणूंचा वायू. तो टिकत नसल्याने विजेच्या साहाय्याने जागेवरच तयार करावा लागतो. तो या रसायनांच्या रेणूतील फिनॉलचे कडे तोडतो. त्यामुळे शरीर त्या रेणूला संप्रेरक म्हणून ओळखत नाही. पाण्यात विरघळलेल्या सेंद्रिय कर्बाच्या दर ग्रॅममागे साधारण अर्धा ग्रॅम ओझोन पुरतो. उरलेले तुकडे नंतर वाळूच्या गाळणीतील जिवाणू बऱ्याच अंशी खातात. स्वित्झर्लंडमधील ड्यूबेनडॉर्फ येथे २०१४ पासून ही पद्धत वापरात आहे.

मर्यादा

• जैविक प्रक्रियेनंतरच ओझोन द्यावा. कच्च्या सांडपाण्यातील घाणच तो संपवून टाकते.
• क्षार व जड धातू ओझोनने जात नाहीत.
• पाण्यात ब्रोमाइड जास्त असल्यास ब्रोमेट हा अपायकारक पदार्थ तयार होतो.
• खर्च व देखभाल पाहता ही प्रक्रिया शहराच्या केंद्रावरच शक्य आहे. एकट्या शेतकऱ्याने यंत्र घेण्याच्या भरीस पडू नये.

शेतकऱ्यांनी घ्यावयाची काळजी

१) पाणी कोणत्या प्रक्रियेनंतर मिळते, याची केंद्रावर चौकशी करावी.
२) कच्चे सांडपाणी कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांस देऊ नये.
३) असे पाणी मत्स्यपालनाच्या शेततळ्यात सोडू नये.
४) हवा खेळती असलेल्या जमिनीतील जिवाणू नैसर्गिक संप्रेरके बऱ्याच प्रमाणात कुजवतात. म्हणून पाणी तुंबू देऊ नये व दोन पाळ्यांत वाफसा येऊ द्यावा.
५) शेतातील जादा पाणी ओढ्यात वा विहिरीत जाऊ देऊ नये.
६) माती व पाण्यातील क्षारांची तपासणी दरवर्षी करून घ्यावी.